लुमेन नंतर, आधी कँडेला: खिशातली लांब पल्ल्याची टॉर्च निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज खिशात किंवा कमरेला राहील एवढी लहान, चार्ज करता येणारी आणि निदान दोनशे मीटरवरचं दाखवणारी टॉर्च हवी आहे. दोन-तीन हजार लुमेनची घेतली की भागेल का?

नाही. भागलंच तर योगायोगाने भागेल, कारण पल्ला लुमेनवर ठरत नाही. टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, तो आकडा लुमेन. त्यातला किती उजेड एका दिशेला, झोताच्या गाभ्यात एकवटला आहे, तो आकडा कँडेला. तीन हजार लुमेनची टॉर्च समोरचं अख्खं अंगण उजळून टाकेल आणि शंभर मीटरवरच्या झाडाशी पोचता पोचता तिचा दम संपलेला असेल. पाचशे लुमेनची दुसरी एखादी त्या झाडावरची फांदी दाखवेल. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते सोडा आणि बारीक अक्षरातला कँडेलाचा आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर लांब पल्ल्यासाठी त्या टॉर्चचा विचार करण्यात अर्थ नाही.

आता ‘पल्ला ४०० मीटर’ असं लिहिलेलं असतं त्याचं गणित. टॉर्च मोजण्याचं एएनएसआय एफएल-१ हे प्रमाण २००९ मध्ये आलं आणि बहुतेक नावाजलेल्या कंपन्या तेच वापरतात. त्यात पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर. लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. काढायची रीत सोपी आहे: कँडेलाचं वर्गमूळ घ्या, दुप्पट करा, मीटरमध्ये पल्ला मिळाला. दहा हजार कँडेला म्हणजे २०० मीटर, चाळीस हजार म्हणजे ४०० मीटर. पल्ला दुप्पट करायला कँडेला चौपट लागतात, हे इथेच लक्षात ठेवा.

पण चांदण्यात तुम्हाला दोनशे मीटरवर काय दिसतं? काहीतरी उभं आहे एवढं कळतं. ते गाय आहे, माणूस आहे की खांब, हे कळत नाही. उजेड तिथून परत तुमच्या डोळ्यापर्यंत यायचा असतो, वाटेत धूळ असते, दमटपणा असतो, आणि टॉर्चच्या जवळच्या उजेडाने तुमचे डोळे दिपलेले असतात. मी छापील पल्ल्याचा निम्मा खरा धरतो. निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे एक लक्स असतो, आणि तेवढ्यात वस्तू ओळखता येते. धुरकट हवेत तिसरा हिस्सा धरा. तेव्हा तुम्हाला खरोखर दोनशे मीटरवरचं ओळखायचं असेल तर छापील पल्ला ४०० मीटर, म्हणजे चाळीस हजार कँडेला हवेत. हा आकडा खिशातल्या टॉर्चसाठी अशक्य नाही, पण त्याची किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागते.

ती कशी, हे कळायला कँडेला कुठून येतात ते बघू. दोन गोष्टींतून: एलईडीचा पृष्ठभाग किती प्रखर आहे आणि रिफ्लेक्टरचं तोंड किती मोठं आहे. बाकी सगळं किरकोळ. एकूण उजेड तेवढाच असूनही लहान पृष्ठभागातून बाहेर पडत असेल तर तो पृष्ठभाग जास्त प्रखर असतो, आणि प्रखर ठिपक्याचा झोत अरुंद बांधता येतो. म्हणून लांब पल्ल्याच्या टॉर्चमध्ये घुमट नसलेली, सपाट आणि लहान एलईडी असते. ऑस्रामच्या एक-दोन चौरस मिलिमीटरच्या सपाट पांढऱ्या एलईडी किंवा ल्युमिनसची एसएफटी-४० ही त्या गटातली ओळखीची नावं. याउलट क्रीची एक्सएचपी-५० किंवा एक्सएचपी-७० बदाबदा लुमेन देते, पण तिचा पृष्ठभाग मोठा. लहान तोंडाच्या टॉर्चमध्ये तिचा झोत पसरटच राहतो. ती वाईट नाही, तुमच्या कामाची नाही.

तोंडाचं तर सरळ भूमितीचं गणित आहे. एलईडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, कँडेलाही साधारण चौपट होतात आणि पल्ला दुप्पट होतो. याला पळवाट नाही. रिफ्लेक्टरऐवजी पारदर्शक भरीव भिंग घातलं तर टॉर्च थोडी आखूड होते, कडेला सांडणारा उजेडही कामी येतो, पण तोंडाचा व्यास मात्र लागतोच. साधारण २५ मिमी तोंडात, एलईडी कोणती त्यानुसार, बारा-पंधरा हजारांपासून चाळीस हजार कँडेलापर्यंत मजल जाते. ३५ मिमीच्या आसपास साठ हजार आणि त्यापुढे जाणं सहज जमतं. पण ३५ मिमीचं तोंड पँटच्या खिशात रोज टोचतं, बसताना आडवं येतं, आणि आठवड्याभरात टॉर्च घरी राहायला लागते. जवळ नसलेल्या टॉर्चचा पल्ला शून्य मीटर. माझ्या मते पँटच्या खिशाची मर्यादा २६-२७ मिमी. त्याहून मोठं तोंड हवं असेल तर कमरेच्या म्यानात किंवा पिशवीत बाळगायची तयारी आधी ठेवा.

मग २५ मिमी तोंडात सगळ्यात लहान, सगळ्यात प्रखर एलईडी घालून चाळीस हजार कँडेला घेऊन टाकावेत का? इथेच बरेच जण फसतात. अशा टॉर्चचा गाभा दहा मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो आणि पायापाशी वीतभरही नसतो. त्याच्या बाहेरचा पसारा मंद. पायवाटेवर चालताना डोळे त्या पांढऱ्याफटक ठिपक्याला सरावतात आणि कडेचा खड्डा अंधारात जातो. कुलूप उघडणं, गाडीच्या इंजिनात डोकावणं, पलंगाखाली पडलेली किल्ली शोधणं, रोजची नव्वद टक्के कामं हाताच्या अंतरावरची असतात, आणि तिथे हा झोत नुसता डोळ्यात खुपतो. लेसरने फॉस्फर नावाचा चमकणारा पदार्थ उजळवून झोत काढणाऱ्या एलईपी टॉर्चमध्ये हीच गोष्ट टोकाला गेलेली असते: एक बारीक शलाका, जिचा पल्ला थक्क करतो, पण कडेला उजेड जवळजवळ नाहीच. हौस म्हणून घ्या, एकुलती एक म्हणून नको.

यासाठी मी एक भागाकार करून बघतो: कँडेला भागिले लुमेन. उत्तर पाच-सहाच्या आत आलं तर ती जवळच्या कामाची पसरट टॉर्च. दहा ते तीस आलं तर दोन्ही कामं करणारी. पन्नासच्या वर गेलं की ती निव्वळ लांबचं बघायची टॉर्च. रोज बाळगायला वीस ते तीस हा पट्टा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. उदाहरणार्थ हजार लुमेन आणि पंचवीस हजार कँडेला. छापील पल्ला ३१६ मीटर, खरा दीडशेच्या पुढे, आणि पायापाशीही नीट दिसेल. दोनशे मीटरवरचं ओळखणं ही तुमची खरोखर गरज आहे की ऐकायला बरा वाटणारा आकडा आहे, हे एकदा मोकळ्या मैदानात दोनशे मीटर चालून बघा. बहुतेकांना दीडशे मीटर पुरतात. शेत राखणारा, डोंगरात वाट शोधणारा, पाण्यापलीकडचा काठ बघणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. त्याने सरळ ३५ मिमी तोंडाची घ्यावी आणि कमरेला लावावी.

झूमवाल्या टॉर्च या कामासाठी घेऊ नका. भिंग पुढे सरकवून झोत अरुंद केला की एलईडीचा बराचसा उजेड टॉर्चच्या आतल्या भिंतीवरच वाया जातो, आणि सरकत्या भागातून धूळ-पाणी आत जातं.

सेलकडे येऊ. लिथियम-आयन सेलच्या आकड्यातच त्याचं माप असतं: १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. चांगला १८६५० सेल ३००० ते ३५०० एमएएचचा असतो, म्हणजे बारा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा. २१७०० मध्ये ५००० एमएएच, अठरा वॅट-तास. आखूड १८३५० मध्ये हजार-अकराशे एमएएच, १४५०० मध्ये त्याहूनही कमी. १८३५० ची टॉर्च मुठीत दिसेनाशी होते आणि बघताक्षणी आवडते, पण जोरात लावली की अर्ध्या तासात सेल मान टाकतो. तिच्या तोंडाचा व्यास १८६५० वालीइतकाच असेल तर पल्लाही तेवढाच मिळतो, फक्त तो फार वेळ टिकत नाही. माझी पसंती १८६५० ला आहे. हात मोठा असेल आणि खिसा सैल असेल तर २१७०० घ्या. जाडी तीनच मिलिमीटर वाढते आणि ऊर्जा जवळजवळ दीडपट होते.

१८६५० वर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं तर तो सेल हातात घेऊ नका. तेवढी ऊर्जा त्या आकारात मावतच नाही. लाख लुमेनच्या दाव्याचंही तेच. आजच्या एलईडीकडून एका वॅटला दीडशे लुमेन मिळतात असं उदारपणे धरलं तरी लाख लुमेनला साडेसहाशे वॅटहून जास्त लागतील. बारा वॅट-तासांचा सेल एका मिनिटात रिकामा होईल, आणि त्याआधी टॉर्च हातात धरवणार नाही. एक्सएचपी-३६० सारखे भारदस्त आकडेही असेच; क्रीच्या यादीत अशी एलईडी नाही.

उष्णतेचा मुद्दा मात्र प्रामाणिक टॉर्चलाही लागू आहे. एफएल-१ प्रमाणानुसार लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी. त्यानंतर काय होतं ते खोक्यावरच्या मोठ्या आकड्यात नसतं. हातात धरायच्या लहान टॉर्चचं अंग काही वॅटच उष्णता सतत बाहेर टाकू शकतं. त्यामुळे दोन हजार लुमेनची टॉर्च दोन-तीन मिनिटांत स्वतःहून उतरते आणि चारशे ते आठशे लुमेनवर स्थिरावते. हा दोष नाही, तसं केलं नाही तर सेल आणि एलईडी दोन्ही भाजतील. पण खरेदी करताना हा स्थिरावलेला आकडाच तुमचा खरा आकडा. चालू राहण्याच्या वेळेतही गोम आहे: त्या प्रमाणात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजतात. ‘२००० लुमेन, ३ तास’ याचा अर्थ पहिली दोन मिनिटं दोन हजार आणि पुढे बराच वेळ त्याच्या पाव हिश्शाहून कमी, असा असू शकतो. कंपनीने वेळ-उजेडाचा आलेख दिला असेल तर तोच बघा. आलेख उभा खाली येऊन मग सपाट चालत राहिला तर आतलं सर्किट चांगलं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता घसरगुंडीसारखा उतरत गेला तर ते सर्किट सेलच्या मर्जीवर चालतंय, आणि अर्धा सेल संपल्यावर तुमचा पल्लाही पहिल्यासारखा राहणार नाही.

एक दिलासा: डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट व्हावे लागतात. हजार आणि तेराशे लुमेनमधला फरक शेजारी शेजारी लावल्याशिवाय कळतसुद्धा नाही. त्या तीनशे लुमेनसाठी जास्त पैसे मोजू नका.

चार्जिंगला टाइप-सी पोर्ट टॉर्चमध्येच असावा आणि सेल मात्र बाहेर काढता येणारा, प्रमाणित मापाचा असावा. या दोन अटी एकत्र पाळा. आतच कायमचा बसवलेला सेल तीनशे-पाचशे चार्जनंतर थकला की चांगली टॉर्च भंगारात जाते. काही कंपन्या दोन्ही ध्रुव एकाच टोकाला असलेला खास सेल देतात. तो फक्त त्यांच्याकडेच मिळतो आणि साधा सेल घातला तर एकतर टॉर्च चालत नाही किंवा चालली तरी चार्ज होत नाही. मॅग्नेटने चिकटणारी चार्जिंग वायर वापरायला मजेची असते, पण प्रवासात ती विसरली की टॉर्च निव्वळ वजन. त्या उघड्या मॅग्नेटवर लोखंडाचा कीसही गोळा होतो. टाइप-सीमध्येही एक चोरखड्डा आहे: काही स्वस्त टॉर्चमध्ये पोर्टमागचे दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात. अशी टॉर्च जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरवर चार्ज होते, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरवर नवा चार्जर तिला ओळखतच नाही. टॉर्च बिघडली असं समजून लोक ती परत करतात.

बटण आणि त्याची चाल याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, म्हणून माझं सांगतो. बंद असताना दाबून धरलं की सगळ्यात मंद उजेड आणि दोनदा दाबलं की सगळ्यात जोराचा, एवढं अंधारात न आठवता जमलं पाहिजे. मंद म्हणजे खरोखर मंद, एक-दोन लुमेन किंवा त्याहूनही कमी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मध्यरात्री शंभर लुमेन डोळ्यावर पडले की ती सगळी कमाई गेली. लुकलुकणारा उजेड नेहमीच्या फेऱ्यात येता कामा नये; तो कुठेतरी तीन टिचक्यांमागे लपवलेला बरा.

खिशातल्या टॉर्चला कुलूप हवंच. जोराच्या उजेडावर खिशात चुकून लागलेली टॉर्च कापड जाळू शकते, मांडी भाजू शकते. बटणाच्या टिचक्यांनी लागणारं कुलूप ठीक, पण मी मागची टोपी पाव फेरा सैल करतो. आट्यांवर ॲनोडायझिंग, म्हणजे वीज न वाहू देणारा थर, असेल तर तेवढ्याने सर्किट पूर्ण तुटतं आणि बंद असताना बटणाकडून होणारी किंचित गळतीही थांबते. टोपी सैल केल्यावरही टॉर्च लागत असेल तर आटे नुसत्या उघड्या धातूचे आहेत असं समजा.

पाण्याबद्दल फार विचार नको. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स-८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. पावसाला दोन्ही पुरतात. चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण घट्ट बसतं का तेवढं बघा, आणि टोपीतल्या रबरी कड्याला अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचा हात लावा.

उजेडाचा रंग हा चवीचा भाग आहे, पूर्ण नाही. ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड त्याच एलईडीकडून थोडे जास्त कँडेला काढून देतो, म्हणून लांब पल्ल्याच्या टॉर्च बहुधा तशा येतात. ५००० केल्व्हिनमध्ये माती, पाला, वाळकं गवत वेगवेगळं दिसतं. निळसर उजेडात सगळं एका राखाडी रंगाचं होतं. दीडशे मीटरवर तपकिरी जनावर तपकिरी गवतातून वेगळं काढायचं असेल तर आकड्यावर थोडं पाणी सोडून मी ५००० घेईन. रंग अचूक दाखवणारी, सीआरआय ९० च्या वरची एलईडी मिळाली तर छान, पण तिच्यात कँडेला बऱ्यापैकी घटतात. धुक्यात कोणताच रंग चमत्कार करत नाही. टॉर्च डोळ्यापासून लांब, कमरेच्या उंचीला धरा; परत फिरणारा उजेड थेट डोळ्यात येत नाही आणि थोडं जास्त दिसतं.

सेलची काळजी दोन-तीन वाक्यांत. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. सेलचं अख्खं अंग ऋण ध्रुव असतं आणि वरचं वेष्टन फाटलं की धन टोकाशी शॉर्ट व्हायला नाण्याएवढा धातू पुरतो. फाटकं वेष्टन बदलून घ्या, चेपलेला सेल टाकून द्या. महिनोन्महिने वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून ठेवा. विमानात सुटे सेल फक्त हातातल्या सामानात चालतात.

टॉर्च हातात आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तपासून घ्या. पांढऱ्या भिंतीवर झोत टाका. गाभा मधोमध आणि गोल हवा, मध्ये काळा ठिपका किंवा एका बाजूला कललेला असेल तर एलईडी नीट बसलेली नाही आणि पल्ला तिथेच गळतो. मंद उजेडात फोनचा कॅमेरा समोर धरा, पडद्यावर जाड पट्टे सरकताना दिसले तर उजेड थरथरणारा आहे. काहींची त्याने डोकेदुखी होते. लक्समीटर मिळाला तर पाच मीटरवर गाभ्याचा लक्स तीस सेकंदांनी वाचा आणि पंचवीसने गुणा, कँडेला मिळाले. छापील आकड्याच्या दहा-पंधरा टक्के खाली आलं तर मी बोलत नाही, निम्म्यावर आलं तर टॉर्च परत जाते. फोनमधल्या लक्स ॲपचा आकडा भरवशाचा नसतो, पण त्याच फोनने, त्याच अंतरावरून दोन टॉर्चची तुलना करायला तो चालतो. शेवटी टाइप-सी ते टाइप-सी वायरने एकदा पूर्ण चार्ज करा. १८६५० ला एक ॲम्पिअरने साडेतीन-चार तास लागतात, आणि त्या वेळात टॉर्च कोमट होणं ठीक, हात लावता येणार नाही इतकी तापणं ठीक नाही.